वडिलांचा हर्निया: ओपन की दुर्बिणीतून? आणि जाळी कुठली घ्यायची?

माणदेशी_चिंचवडकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

वडिलांना, म्हणजे तात्यांना, उजव्या बाजूचा हर्निया आहे. वय ७१. गावी दहिवडीजवळ शेती आणि दोन म्हशी. जांघेतली गाठ दोन वर्षं तरी असणार, पण तात्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही, आईलासुद्धा. दिवाळीत आमच्याकडे आले तेव्हा खोकताना जांघेवर हात दाबून धरतायत, हे बायकोच्या लक्षात आलं. झोपले की गाठ आत जाते, उभे राहिले की बाहेर. दुखत फारसं नाही. संध्याकाळी ओढ लागल्यासारखं होतं म्हणतात.

इथल्या एका खासगी हॉस्पिटलात दाखवलं. सर्जनने उभं करून खोकायला लावलं, झोपवून गाठ आत ढकलली आणि 'हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या' म्हणाले. दोन मिनिटांत विषय संपला. पुढचं सगळं बाहेर काउंटरवरच्या मॅडमनी समजावलं. ओपन ४८ हजार, दुर्बिणीतून १ लाख १० हजार. पॅकेजमधली जाळी साधी, इम्पोर्टेड थ्री-डी जाळी घेतली तर २२ हजार वेगळे. 'बाबांसाठी बेस्ट तेच घ्या ना सर' हेही वर. शुक्रवारपर्यंत कळवलं तर काही तरी सूट आहे म्हणे.

बाकी तब्येत ठणठणीत. बीपीची गोळी आहे. चार वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलाय, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बिडी बरीच कमी केलीय, दिवसाला पाच-सहा. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, पण ते वयामुळे.

तर ओपन करावं की दुर्बिणीतून? महागाच्या जाळीने खरंच फरक पडतो का? आणि मामा म्हणतात ऑपरेशन कशाला, पट्टा बांधा. कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

आयटीवाला_बाणेर

डोळे झाकून दुर्बिणीतून करा. माझं वय ४४, दोन्ही बाजूंना होता. तीन बारीक भोकं, दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात लॅपटॉप उघडून बसलो. विम्यातून झालं. एक सांगतो, विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू यांना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं क्लेम मिळत नाही.

कोल्हापुरी_रांगडा

पट्टा बांधा राव. मी सहा वर्षं बांधतोय, काय झालं नाही. सगळं पैसे उकळायचं काम आहे. सकाळी एरंडेल घ्यायचं, जड उचलायचं नाही, खेळ खल्लास.

थिएटर_सिस्टर

मी निवृत्त थिएटर सिस्टर. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी रुग्णालयाच्या जनरल सर्जरीत गेली. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, मूळव्याध, पित्ताशयाचे खडे, गळवं, हेच आमचं रोजचं काम. मी डॉक्टर नाही, तेव्हा तात्यांचं काय करायचं ते त्यांना तपासणारे सर्जनच ठरवतील. मी फक्त त्यांना काय काय विचारायचं ते सांगते.

तुमच्या पोस्टमधला सगळ्यात कामाचा परिच्छेद 'बाकी तब्येत ठणठणीत' इथून सुरू होतो. स्टेंट, बिडी आणि रात्रीची लघवी. जाळी देशी की परदेशी, ते फार नंतर.

अहो, टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते ना, तसा हा हर्निया. जांघेपाशी पोटाची भिंत कमकुवत होते आणि तिथून आतडं नाहीतर आतली चरबी बाहेर येते. भिंतीला जाळी लावून ती पक्की करता येते. पण आतून ढकलणारा जोर तसाच राहिला तर? तो जोर येतो खोकल्याने, संडासला कुंथल्याने आणि लघवीला जोर लावल्याने. एकाहत्तरीचा माणूस रात्री तीन-चारदा उठतो तेव्हा प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) बघायलाच हवी, वयावर सोडून देऊ नका. त्यांना विचारा, लघवीची धार बारीक झालीय का? सुरू व्हायला वेळ लागतो का? थांबून थांबून येते का? मुलाला सांगणार नाहीत कदाचित, डॉक्टरांना एकटं विचारू द्या. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते मोजतात. शिल्लक बरीच असेल तर आधी त्याचं औषध चालू करतात, क्वचित प्रोस्टेटचं ऑपरेशन आधी आणि हर्निया नंतर. हे न बघता टेबलवर घेतलं तर रात्रपाळीच्या सिस्टरची वाट लागते. भुलीसाठी कमरेत देतात त्या इंजेक्शनने म्हाताऱ्यांची लघवी तुंबते, ओटीपोट टम्म होतं, रात्री अकराला नळी घालावी लागते आणि मग नळीची पिशवी घेऊनच घरी जायचं.

बिडी 'कमी केलीय' नको, बंद. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे. बिडीवाल्याची जखम भरायला वेळ लागतो आणि भुलीनंतर त्याचा खोकला थांबत नाही. ताज्या टाक्यांवर प्रत्येक खोकल्याला ताण.

स्टेंटची गोळी घरच्या घरी बंद करू नका आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरूनही नको. नाव बघा, ॲस्पिरिन आहे की क्लोपिडोग्रेल की दोन्ही. ॲस्पिरिन बऱ्याचदा चालूच ठेवतात, क्लोपिडोग्रेल साधारण पाच-सात दिवस आधी थांबवतात. पण ते ठरवायचं हृदयाच्या डॉक्टरांनी, तेही लेखी. ती चिठ्ठी भूलतज्ज्ञांना दाखवायची.

आता ओपन की दुर्बीण. बाणेरकरांना दुर्बीण छान मानवली, कारण त्यांना दोन्ही बाजूंना होता आणि वय ४४. दोन्ही बाजू असतील किंवा आधी ओपन होऊन पुन्हा आला असेल तर दुर्बीण चांगलीच. दुखणं कमी, कामावर लवकर. पण दुर्बिणीत पोटाच्या भिंतीमागे गॅस भरतात आणि त्यासाठी बहुधा पूर्ण भूल लागते. ओपन मात्र कमरेत इंजेक्शन देऊन होतं, नुसती जागा बधिर करूनही करता येतं. एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया आणि हृदयाला स्टेंट, असा माणूस असेल तर ओपन करणं हे स्वस्तातलं किंवा मागासलेलं काम मुळीच नाही. भूलतज्ज्ञांशी पैसे भरायच्या आधी बोला, आदल्या रात्री नाही. आणि सर्जनला सरळ विचारा, 'तुम्ही यातलं कुठलं जास्त करता?' चांगला सर्जन रागावत नाही.

जाळीचं ऐका. पूर्वी स्नायू ओढून टाके घालत. बसिनी नावाच्या इटालियन सर्जनने १८८० च्या दशकात ती रीत आणली आणि शंभर वर्षं तीच चालली. टाक्यांवर ताण यायचा, त्यामुळे बऱ्याच जणांचा हर्निया पुन्हा यायचा. मग अमेरिकेत लिख्टेनस्टाइनने ताण न देता जाळी लावायची पद्धत रूढ केली, त्याचा गाजलेला लेख १९८९ चा. आज ओपनमध्ये बहुतेक ठिकाणी तेच करतात. जाळी पॉलिप्रॉपिलीनची, पाकिटातून निघते ती साधारण १५ बाय साडेसात सेंटिमीटर. सर्जन तिचे कोपरे कात्रीने गोल करतात आणि एका टोकाला चीर देतात, त्या चिरेतून वृषणाकडे जाणारी दोरी जाते. दोन्ही शेपट्या दोरीमागे एकमेकींवर घ्यायच्या आणि निळ्या धाग्याने टाके. ओपनमध्ये जाळी हाताने अशी कापून बसवतात. आता मला सांगा, २२ हजारांची थ्री-डी इथे कशाला? तसली घडवलेली जाळी मुख्यतः दुर्बिणीच्या ऑपरेशनात वापरतात. तुमच्यासाठी कशाला, हे काउंटरला नको, सर्जनलाच विचारा.

आणि स्वस्त म्हणजे वाईट, हे डोक्यातून काढा. आपल्याच धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोंगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला जाळी म्हणून वापरलं. परवडत नाही म्हणून कुणी जाळीविना राहू नये, एवढ्यासाठी. २००३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. पुढे २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरचा अभ्यास आला, अर्ध्यांना मच्छरदाणीची, अर्ध्यांना महागडी. वर्षभरानंतर फरक म्हणावा असा नाही. (आता कुणी बाजारातून मच्छरदाणी आणून सर्जनच्या हातात देऊ नका. ते कापड कुठलं, कसं धुतलं आणि कसं निर्जंतुक केलं, यातच सगळं आहे.) पुण्याच्या डॉ. देसारडांनी तर पोटाच्या भिंतीचीच पट्टी वापरून जाळीशिवायची रीत काढली. ती करणारे सर्जनही आहेत, पण ज्याचा हात बसलाय त्यानेच करावी.

शुक्रवारची सूट सोडून द्या. गाठ सहज आत जाते, फारसं दुखत नाही, मग घाई कशाची? उत्तर अमेरिकेत सातशेवीस पुरुषांवर अभ्यास झाला, साधारण अर्ध्यांचं ऑपरेशन केलं, बाकीच्यांना नुसतं बघत थांबले. त्रास नसेल तर थांबलं तरी चालतं असं निघालं. आतडं अडकणं हजारात वर्षाला दोनाच्या आत. पण पुढच्या दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. म्हणजे तयारीला महिनाभर जरूर घ्या, विसरून मात्र जाऊ नका.

रांगडे भाऊ, पट्ट्याने हर्निया जात नाही. गाठ आत दाबून ठेवतो, इतकंच.

पंढरपूरची_माहितगार

सिस्टरांनी सगळं सांगितलंच. पैशाचं मी सांगते, सासऱ्यांच्या वेळी सगळं फिरलेय. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, रेशनकार्ड पांढरं असलं तरी. वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. शिवाय तुमचे तात्या ७१ चे, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही निघेल, त्याला उत्पन्नाची अट नाही. आधार लागतं.

पण प्रत्येक ऑपरेशन प्रत्येक खासगी हॉस्पिटलात योजनेत बसत नाही. काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे ऑपरेशनचं नाव सांगून विचारा, किंवा १५५३८८ ला फोन करा. भरती होतानाच नोंद करायची, मंजुरी येऊ द्यायची. आधी रोख भरून मग 'योजनेतून परत द्या' म्हटलं तर कुणी उभं करत नाही.

सरकारीत करायचं तर सातारचं जिल्हा रुग्णालय तुम्हाला गावाकडून सोयीचं, नाहीतर इकडे पिंपरीचं वायसीएम किंवा ससून. नंबर लागायला वेळ लागतो. पण सिस्टर म्हणतात तसं, बिडी सुटेपर्यंत थांबायचंच आहे.

माणदेशी_चिंचवडकर

सिस्टर, तुमचं उत्तर तात्यांना वाचून दाखवलं. लघवीच्या प्रश्नांवर गप्प बसले आणि मग 'व्हतंय तसं' म्हणाले. काल सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट वाढलीय, लघवी बऱ्यापैकी शिल्लक राहते. गोळी चालू केलीय, महिन्याने परत बघू म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची.

ऑपरेशन सरकारीत करायचं ठरतंय, ओपन. तात्यांना आता भीती आहे ती कमरेतल्या इंजेक्शनची. गावात कुणी तरी सांगितलंय की त्याने जन्मभर कंबर जाते. आणि मधल्या महिन्यात ते गावी असतील. काही झालं तर ओळखायचं कसं? माण तालुक्यातून सातारा काही जवळ नाही.

थिएटर_सिस्टर

व्हतंय तसं! असंच सांगतात सगळे, बऱ्याच वेळाने.

आधी गावातलं. आईंना शिकवून ठेवा, तात्यांना नको, ते दडपून नेतील. गाठ बाहेर आली आणि झोपून, गुडघे वर घेऊनही आत जात नाही, कडक झालीय, हात लावू देत नाहीत, उलट्या, पोट फुगलंय, वारा सरत नाही, संडास नाही. यातलं गाठ दुखणं किंवा उलटी एवढं जरी दिसलं तरी निघायचं. सकाळची एसटी बघायची नाही, १०८ बोलवायची. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ते काळं पडतं आणि मग जाळीचं साधं ऑपरेशन राहत नाही, आतडं कापावं लागतं. गाठ चोळून, तेल लावून, जोर करून आत ढकलायची नाही. निघताना तोंडाने काही द्यायचं नाही, चहासुद्धा नाही.

आता इंजेक्शन. तात्यांना जे होणार आहे तेच सांगते, म्हणजे भीती कमी होईल. टेबलावर बसवतात, पाय खाली स्टुलावर, मांडीवर उशी. उशी कवटाळून मान खाली आणि पाठ वाकवायची. समोर एक सिस्टर किंवा वॉर्डबॉय खांदे धरून उभे असतात. पाठीवर गार औषध तीनदा पुसतात, ते गारच जास्त झोंबतं. मग बारीक टोच. मग 'हलू नका बाबा' म्हणतात, आणि तेवढं मात्र ऐकायचं. सुई अगदी बारीक असते आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली जाते, त्यामुळे तो टोचला जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. मिनिटभरात तळवे गरम होतात, मग पाय जड. 'पाय उचला' म्हणतात, उचलत नाहीत. म्हातारी माणसं घाबरतात तिथे, आपला पाय गेला म्हणून. आधीच सांगून ठेवा की चार तासांत परत येतो. डॉक्टर गार बोळा लावून विचारतात, गार लागतंय का? लागत नाही म्हटल्यावरच सुरू. तोवर नुसतं औषध लावून चादरी टाकत असतात आणि यांचं 'झालं का?' सुरू होतं.

कंबर जन्मभर जाते हे खरं नाही. दोन-चार दिवस टोचलेल्या जागी दुखतं. काहींना उठून बसल्यावर डोकं दुखतं, झोपल्यावर थांबतं. तसं झालं तर भूलतज्ज्ञांना सांगायचं, त्यावर उपाय आहेत.

आदल्या रात्री हलकं जेवण, मग जेवढं सांगतील तेवढे तास पोट रिकामं. सहसा ऑपरेशनआधी सहा तास अन्न नाही आणि दोन तास पाणीही नाही. बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, ते विचारून लिहून घ्या. संमतीपत्रावर 'उजवी बाजू' लिहिलंय का ते सही करण्याआधी बघा. मार्करने त्याच बाजूला खूण करतात, ती पुसू देऊ नका.

नंतर वृषणाची पिशवी सुजते, काळी-निळी पडते. ते बघून फोन येतात, 'सिस्टर, काळं पडलंय!' रक्त खाली उतरलेलं असतं, सुजेला लंगोट घट्ट बांधला की बरं वाटतं, दोनेक आठवड्यांत ओसरतं. ताप, जखमेतून पू, किंवा सूज दिवसेंदिवस वाढतेय असं झालं तर दाखवायचं. त्याच संध्याकाळी पायात ताकद आली की धरून चालवा. जिने चालतील. जड ओझं दीड महिना नाही. मोटारसायकल पंधरवड्याने, अचानक ब्रेक दाबला तर कळ येत नाही ना, हे बघून.

आणि पथ्य! वांगं नको, चवळी नको, आंबट नको, भाताने पू होतो. वॉर्डात नातेवाईक हेच कुजबुजत असतात आणि पेशंटला आठ दिवस वरणाचं पाणी. मग संडास कडक होते आणि माणूस कुंथतो. भाकरी, पालेभाजी, ताक, पाणी, सगळं द्या. संडासची गोळी दिली असेल तर ती वेदनेच्या गोळीइतकीच महत्त्वाची.

कोल्हापुरी_रांगडा

सिस्टर, एक विचारू का. माझी गाठ गेल्या आठवड्यापासून पूर्ण आत जात नाही. दुखत काही नाही, जेवण व्यवस्थित. पट्टा अजून घट्ट बांधला तर बसेल का?

थिएटर_सिस्टर

भाऊ, पट्टा आत्ता सोडा. आत न जाणाऱ्या गाठीवर पट्टा बांधायचाच नसतो, आत अडकलेलं आतडं दाबलं जातं. दुखत नाही, उलटी नाही, संडास होते, म्हणून रात्री धावायला नको. पण उद्या सकाळी तुमच्या कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढा आणि 'आठवडाभर आत जात नाही' हे शब्द सांगा. सोबत कुणाला तरी न्या. मध्येच दुखायला लागलं किंवा उलटी झाली तर ओपीडीची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी. एरंडेल बंद.